फायबरच्या होडीत बर्फाची पेटी बांधायची आहे. थर्माकोल वापरू की पफ?

तुम्ही लिहिलंय की होडी हर्णैची आहे, पेटी बाहेरून साधारण मीटरभर लांब, रुंद आणि उंच होईल, सुतार थर्माकोल म्हणतोय आणि दुकानदार पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. मी फायबरच्या होड्यांचंच काम करतो. माझ्या मते पफच घ्या, तोही दोन नाही, चार इंच जाड. आणि फोम कुठलाही असो, त्यात पाणी शिरणार नाही याची काळजी सगळ्यात आधी घ्या.

थर्माकोलला माझा विरोध मुख्यतः रेझिनमुळे आहे. आपण होडीला वापरतो त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं. वरून मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, छान बसलेली दिसते, आत मात्र पोकळी झालेली असते. निळ्या-गुलाबी एक्सपीएस शीटचंही (थर्माकोलचाच घट्ट प्रकार) तेच होतं. पाणी ती थर्माकोलपेक्षा कमी पिते, पण रेझिनपुढे टिकत नाही. इपॉक्सी रेझिन वापरलं तर दोन्ही चालतात, फक्त खर्च वाढतो. पफला पॉलिएस्टर रेझिन काही करत नाही.

आता जाडी. बाहेर ३२ अंश आणि आत ० अंश धरून ढोबळ हिशेब करू. तुमच्या मापाच्या पेटीला २ इंच कोरडा पफ असला तर नुसत्या भिंतींतून येणाऱ्या उष्णतेनं दिवसाला सुमारे २५ किलो बर्फ जातो, थर्माकोल असेल तर ३५ किलोच्या आसपास. ४ इंच पफ भरला की हे निम्म्यावर येतं. जागा जाते हे खरं: आतली ७३० लिटरची पेटी ५१० लिटरची होते. तरी रात्रभर बाहेर राहणाऱ्या होडीला हा सौदा परवडतो, कारण ताजी १०० किलो मासळी थंड करायलाच २५-३० किलो बर्फ लागतो. तो काही वाचवता येत नाही. वाचवता येतो तो भिंतीतून जाणारा.

पण हे सगळे आकडे कोरड्या फोमचे. पाणी उष्णता पफच्या पंचवीसेक पट वाहून नेतं. समुद्रावरची दमट हवा बाहेरून थंड बाजूकडे झिरपत राहते आणि फोममध्ये शिरून तिथेच तिचं पाणी होतं. म्हणून बाहेरची बाजू आधी मॅट-रेझिननं पूर्ण बंद करा. बरेच जण आतून गुळगुळीत फायबर करतात आणि बाहेर कोरा प्लाय सोडतात, हे उलटं आहे. आतल्या अस्तराला एकही स्क्रू मारू नका, आणि निचऱ्याच्या पाइपाभोवतीचा जोड दोनदा तपासा. पेटीचा तळ होडीच्या बुडाशी साचणाऱ्या पाण्यापासून वर असू द्या.

दोन द्रव मिसळून ओतायचा पफ घेणार असाल तर थोडा थोडा ओता. एकदम ओतलात तर तो आतून तापून करपतो आणि फुगताना प्लाय वाकवतो. लाकूड ओलं असेल तर फोम ठिसूळ होतो, त्यामुळे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, पावसात काम काढलंत तर शेड आणि कोरडं लाकूड आधी बघा. वाफ फुफ्फुसांना वाईट. रसायनांच्या वाफेसाठीचा मास्क लावा, नुसता रुमाल बांधून भागणार नाही. डब्यातला स्प्रे फोम फक्त फटींसाठी. तो हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, खोल पोकळीत आतून कच्चाच राहतो.

झाकणालाही तेवढाच फोम आणि कडेनं रबर हवंच. निचऱ्याच्या पाइपाला वाकण द्या, म्हणजे त्यात पाणी अडून राहील आणि थंड हवा खाली गळणार नाही.

पेटीची एखादी भिंत इंजिनाकडे येते का, ते प्रश्नात नाही. येत असेल तर त्या बाजूला अजून दोन इंच वाढवा.