गुलाबावर भुरी: फवारणीआधी हे तपासा

थंडी पडली की भुरीचे, म्हणजे पानांवर पांढरा थर आणणाऱ्या बुरशीच्या रोगाचे प्रश्न सुरू होतात. मावळातले एक पॉलिहाऊसधारक विचारतात, "गुलाबाच्या नव्या फुटीवर पांढरा थर आहे, पाने आखडलीत. हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक दोनदा मारले, फरक नाही. पाणी तोडू का?" साताऱ्याच्या एका ताईंच्या कुंड्यांतल्या गुलाबावरही भुरी आहे, आणि ती शेजारच्या काकडीच्या वेलावरून आली असावी असा त्यांना संशय आहे.

ताई, वेलाला दोष नको. काकडीवर भुरी आणणारी बुरशी वेगळी, गुलाबावरची वेगळी. आधी थरावर बोट फिरवून बघा. पिठासारखा पुसला जाऊन खाली पान जांभळट दिसले, कडा वर वळलेल्या असल्या, तर भुरीच. बेचक्यात कापसासारखे पुंजके, बोटाला चिकट आणि आसपास मुंग्या, तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड. त्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नाही.

आता पाण्याचे. बहुतेक बुरशींना रुजायला ओले पान लागते, भुरीला लागत नाही. पानावर पाणी साचले तर तिचे बीजाणू नीट रुजतही नाहीत. तिला हवी रात्रीची गार, दमट हवा आणि दिवसा कोरडे, उबदार वातावरण. म्हणून पाणी तोडून फक्त झाडाला ताण बसेल. पण झाडावर पाण्याचे फवारे मारत बसलात, तर काळ्या ठिपक्यांचा रोग ओढवून घ्याल. पाणी बुडाशीच द्या.

पॉलिहाऊसमध्ये खरी गोम बहुधा पडद्यांत असते. गारठ्याला भिऊन पडदे संध्याकाळपासून उशिरापर्यंत बंद राहतात, आत दमटपणा कोंडतो. ऊन वर येताच बाजूचे पडदे उघडा. दाटलेल्या, बारीक काड्या काढा. व्हॅलेंटाइनच्या तोडीसाठी फूट लवकर यावी म्हणून नत्र वाढवले असेल, तर हात आखडता घ्या. लुसलुशीत फूट भुरीला फार आवडते. रोगट शेंडे कापून पिशवीत भरून बाहेर न्या, वाफ्यात टाकू नका.

"फरक नाही" हे कशावरून ठरवले? आखडलेले पान औषधाने सरळ होत नाही. नंतर आलेली फूट स्वच्छ असेल तर औषध लागू पडले. तीही पांढरी झाली असेल, तर तिसऱ्यांदा तेच नको. पेनकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल हेही हेक्झाकोनॅझोलच्याच गटातले, म्हणजे बुरशीवर त्याच पद्धतीने काम करणारे, नाव बदलले म्हणजे गट बदलत नाही. पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना लागेल असे सकाळी लवकर फवारा. तापमान 30 अंशांच्या वर जाणार असेल तर टाळा, पाने करपतात. डिसेंबरातही दुपारी पॉलिहाऊस तेवढे तापते. कळीला रंग भरण्याआधीच गंधक आटोपा, पाकळ्यांवर डाग राहिले की व्यापारी भाव पाडतो. निंबोळी तेल मारले असेल तर 15 दिवस गंधक नको. पुढची फवारणी 8-10 दिवसांनी, वेगळ्या गटातली: ॲझॉक्सिस्ट्रोबिन चालेल, मात्रा लेबलप्रमाणे. जुन्या पुस्तिकांत ट्रायडेमॉर्फ सुचवलेले दिसेल; त्यावर 2018 पासून बंदी आहे.

ताईंनी रोगट शेंडे खुडावेत, कुंड्यांत अंतर ठेवावे, सकाळचे ऊन मिळू द्यावे. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम खायचा सोडा आणि साबणाचे दोन-चार थेंब, आठवड्याने एकदा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. सुरुवातीच्या भुरीला हे पुरते, झाडभर पसरली असेल तर गंधकच. मात्र रासायनिक फवारणी केलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला घेऊ नका.