परदेशात बंदूकधारी गार्डची नोकरी: कायदा कोणाचा लागतो?

प्रश्न: वकीलताई, मी गडहिंग्लज तालुक्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलोय. एक एजंट इराकमध्ये तेल कंपनीच्या आवारात गनमॅनची नोकरी लावून देतो म्हणतोय. पगार इथल्या सिक्युरिटीच्या चौपट, पण आधी दीड लाख भरा म्हणतो. उद्या तिथं गोळी झाडायची वेळ आली तर मला सैनिक धरतील का? पकडलो तर युद्धकैदी की गुन्हेगार? मित्र म्हणतो, हे भाडोत्री सैनिकाचं काम, त्याला जगभर बंदी आहे. खरं काय?

उत्तर: दादा, आधी मित्राची शंका मिटवते. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम 47 मध्ये भाडोत्री सैनिक कोण, हे सांगितलंय. सहा अटी आहेत आणि सहाच्या सहा एकदम लागू व्हाव्या लागतात: खास लढण्यासाठी भरती, लढाईत थेट भाग, सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त मोबदल्याचा लोभ, शिवाय लढणाऱ्या कुठल्याच बाजूचा नागरिक नसणं, वगैरे. एक अट सुटली की माणूस व्याख्येतून सुटला. आवाराची राखण करायला नेलेला गार्ड त्यात सहसा बसत नाही. भाडोत्री सैनिकांविरुद्धचा 1989 चा वेगळा करार आहे, पण तो अमलात यायलाच 2001 उजाडलं. भारत या दोन्हींत सामील नाही.

तुमची खरी शंका मात्र रास्त आहे, आणि तिचं उत्तर गोड नाही. तिथं तुम्ही सैनिक नसणार, नागरिक असणार. अंगावर कंपनीचा गणवेश आणि हातात रायफल असली तरी नागरिकच. चोर-दरोडेखोरांपासून आवार राखलंत, स्वतःचा जीव वाचवायला गोळी झाडलीत, तर नागरिक म्हणून असलेलं संरक्षण टिकतं. पण त्याच आवारात लष्कराचा तळ असेल आणि तुम्ही शत्रूच्या तुकडीवर गोळीबार केलात, तर तो लढाईतला थेट सहभाग ठरू शकतो. तेवढ्या वेळेपुरते तुम्ही कायदेशीर लक्ष्य होता. पकडलं गेलात तर युद्धकैद्याचा हक्क सहसा मिळत नाही, तिथल्या कायद्यानं खुनाचा खटलाही चालू शकतो. फौजेत असताना पाठीशी सरकार होतं. इथं पाठीशी असतो तो फक्त करार. म्हणून एजंटला पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. आवारात नेमकं कोण राहतं, ते विचारा.

इराकचं नाव घेतलंत म्हणून सांगते. 16 सप्टेंबर 2007 रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी कंपनीच्या गार्डनी गोळीबार केला. 17 इराकी नागरिक गेले. तेव्हा परदेशी कंत्राटदारांना इराकी कायद्यातून सूट होती, म्हणून खटला अमेरिकेत चालला. 2014 मध्ये चौघे दोषी ठरले, 2020 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. ज्यांची माणसं गेली त्यांच्या हाती काय लागलं, हा प्रश्न मला आजही छळतो. ती सूट पुढे 2009 पासून गेली, म्हणजे आता तिथं इराकचाच कायदा. तुमच्यापाशी तर अमेरिकेचा पासपोर्टही नाही.

या कांडानंतर वर्षभरात, 2008 मध्ये, स्वित्झर्लंड आणि रेड क्रॉसच्या पुढाकारानं माँत्रो दस्तऐवज झाला, म्हणजे अशा खासगी सुरक्षा कंपन्यांबाबत देशांच्या जबाबदाऱ्या मांडणारा मसुदा. 2010 मध्ये कंपन्यांची आचारसंहिता आली आणि 2013 मध्ये तिच्यावर देखरेख करणारी संघटना जिनिव्हात उभी राहिली. पण माँत्रो दस्तऐवज बंधनकारक नाही, आणि आचारसंहिता कंपनीनं आपणहून स्वीकारायची असते. बंधनकारक कराराची चर्चा संयुक्त राष्ट्रांत 2010 पासून रेंगाळली आहे. माँत्रोचा भर कंत्राट देणारा देश, जिथं काम चालतं तो देश आणि कंपनीचा देश या तिघांवर. गार्ड ज्या गावातून येतो त्या देशाला तिथं वेगळी जागा नाही. आपल्या जिल्ह्यासारख्या, घरटी फौजी असलेल्या गावांच्या मुलखातून बघितलं की ही उणीव फार बोचते.

माणसं कशी अडकतात, ते आपल्याच किनाऱ्यावर दिसलं. ऑक्टोबर 2013 मध्ये तुतिकोरीनजवळ तटरक्षक दलानं सीमन गार्ड ओहायो हे जहाज अडवलं. जहाज चाच्यांविरुद्ध पहारा देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचं. त्यावर रायफली, काडतुसं आणि 35 माणसं होती, त्यांत ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनी आणि आपले भारतीयही. जानेवारी 2016 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, नोव्हेंबर 2017 मध्ये उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. म्हणजे निर्दोष ठरायला चार वर्षं लागली. ती त्या माणसांची गेली.

आता दीड लाखाचं. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी, एवढीच सेवाशुल्काची मर्यादा आहे. दीड लाख मागणाऱ्यापासून लांब राहा. एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट या वेबसाइटवर तपासा. भारतातली सिक्युरिटी एजन्सीच बाहेर माणसं पुरवत असेल तर खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यानुसार तिला वेगळी परवानगी लागते, ती दाखवा म्हणा. दहावी झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘इमिग्रेशन तपासणी’चा शिक्का नसतो, त्यामुळे सरकारी चाळणी आपोआप लागत नाही आणि विमाही आपोआप होत नाही. करारात मृत्यू, अपंगत्व आणि कोर्टखर्च कोण देणार, वाद कुठल्या देशाच्या कोर्टात चालणार, हे लिहिलेलं हवं. कंपनी जिनिव्हातल्या संघटनेची सदस्य आहे का, तेही विचारा.

वहिनींनाही हे वाचून दाखवा. आणि कराराची झेरॉक्स मला पाठवा, सही करायच्या आधी.