बाजारात मिळत नाही ते विण

पंचवटी, नाशिक
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

बाळ,

रात्री साडेअकराला आलेला तुझा मेसेज मी पहाटे पाचला वाचला. दवाखान्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी चाळीस टोप्या कबूल करून बसलीस, झाल्या नऊ. भावाचा स्वेटर मुंढ्यापर्यंत येऊन दोन महिने सुईवर लटकलाय. पुढच्या महिन्यात नणंदेचं डोहाळजेवण, तिला काहीतरी हातचं द्यायचंय. त्यात सासूबाई म्हणाल्या, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्यात, घरच्यांना मात्र ठेंगा." आणि तू विचारतेस, काकू, यातलं काय सोडू?

एका ओळीत सांगता आलं असतं. पण मग पुढच्या नोव्हेंबरात तू हेच विचारशील, म्हणून सविस्तर लिहिते. मोबाईलवर मला एवढं टाइप होत नाही. कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर घरी ये, वाचून दाखवीन.

आधी सासूबाईंचं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्या निम्म्या बरोबर आहेत. त्यांची तक्रार तू बाहेरच्यांसाठी विणतेस ही नाहीच. संध्याकाळभर तू सुयांत मान घालून बसतेस आणि त्यातून घरात काहीच येताना दिसत नाही, ही आहे. मी तीस वर्षं घरचं आणि बाहेरचं, अशी दोन्ही कामं करत आले. पहिली दहा वर्षं तुझ्यासारखीच ओढाताण झाली, कारण जो जे मागेल त्याला हो म्हणायची सवय. एक ना धड भाराभर चिंध्या. नंतर मी स्वतःला एक प्रश्न घालून घेतला आणि तेव्हापासून निम्मं काम आपोआप गळून गेलं. काहीही विणायला घेण्याआधी विचारायचं, हे बाजारात मिळतं का? मिळत असेल तर विणायचं नाही.

हा प्रश्न सुचला तो एका फजितीतून. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलांसाठी आम्ही पाच जणींनी स्वेटर विणायला घेतले. तीन महिने खपलो, अकरा स्वेटर झाले. मोठ्या उत्साहाने जीप करून गेलो. वर्गात मुलं चाळीस. अकरा जणांनी स्वेटर घातले, बाकीची एकोणतीस त्यांच्याकडे बघत बसली. गुरुजी काही बोलले नाहीत, पण परत येताना जीपमध्ये आम्ही कुणीच कुणाशी बोललो नाही. लोकरीला जेवढे पैसे गेले तेवढ्यात तिबेटियन मार्केटमध्ये घासाघीस करून चाळीस तयार कानटोप्या आल्या असत्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं सगळं बाजारात ढिगाने मिळतं. तिथे आपल्या सुयांचं काय काम? तिथे वर्गणी काढावी.

बाजारात सहसा मिळत नाही ती दीड-दोन किलोच्या बाळाची टोपी. दुकानात 'न्यू बॉर्न' लिहिलेली टोपी असल्या बाळाच्या नाकापर्यंत येते. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं, आणि अडीच किलोच्या आतलं ते कमी वजनाचं. अशा बाळाच्या अंगात चरबी फार कमी असते आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे डोक्यातूनच बरीच ऊब निघून जाते. कांगारू मदर केअरमध्ये बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं, आता जगभर करतात. त्यात बाळाच्या अंगावर असतं काय? लंगोट, पायमोजे आणि टोपी. बास. म्हणजे तू विणलेली वस्तू त्याच्या तीन कपड्यांपैकी एक. तिथे तुझा वेळ सार्थकी लागतो.

पण तिथेही मी माती खाल्लीच. पहिल्या खेपेला कौतुकाने तीस टोप्या दवाखान्यात नेल्या. केसाळ, मऊ लोकर, वर गोंडा, बाजूला मोत्याचं बटण, दोन रंगांची नक्षी. वॉर्डातल्या सिस्टरनी एक टोपी उचलली, उलटी केली आणि आत करंगळी फिरवली. नक्षीचे आडवे धागे करंगळीत अडकले. त्यांनी बोट तसंच अडकलेलं मला दाखवलं. म्हणाल्या, "काकू, बाळ दिवसरात्र टोपीत असतं. टोचलं तर त्याला सांगता येत नाही, नाकात तंतू गेला तर काढता येत नाही." तिसातल्या चार ठेवून घेतल्या. त्या दिवशी राग आला होता. आता मी स्वतःच्या प्रत्येक टोपीत करंगळी फिरवते.

तुझ्या नऊ टोप्यांत फिरवून बघ. आणि उरलेल्या अशा कर: चार पदरी साधी अॅक्रिलिक लोकर, दहा नंबरच्या सुया, ७२ टाके. दोन सुलट दोन उलट अशी दोन इंच पट्टी, पुढे एक सुई सुलट एक सुई उलट, पट्टी धरून चार इंच झालं की घटवायला लाग. सात सुलट, दोन एकत्र. पुढच्या सुलट सुईला सहा सुलट, दोन एकत्र. असं उतरत जायचं. शिवण चपटी घाल, गाठ ठेवू नकोस. झाली की सोललेल्या नारळावर चढवून बघ. न ओढता बसली, खाली घसरली नाही, की माप बरोबर. (आमच्याकडे हा नारळ मग त्याच दिवशी फुटतो आणि नातवंडांना कळतं की आजीची टोपी झाली.) शुद्ध लोकर इथे नको, वॉर्डातल्या कढत धुण्यात ती आटून वाटीएवढी होते.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव. झालेल्या टोप्या डांबरगोळ्यांच्या पेटीत ठेवू नकोस. आपल्याकडे लोकरीचं काहीही असलं की हात आधी डांबरगोळ्यांकडे जातो. त्यातल्या नॅप्थलीनने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांना तर फारच धोका, आणि कुठल्या बाळात ते कमी आहे हे आपल्याला बाहेरून कळत नाही. अॅक्रिलिकला कसर लागतही नाही. धुऊन, उन्हात वाळवून, कोऱ्या पिशवीत बांधून ठेव.

आता घरचं. तिथेही प्रश्न तोच. तुझ्या सासऱ्यांना रेडिमेड स्वेटर छान बसतो, तो विकत आण. पण ते सकाळी गोदापार्कला फिरायला जाताना कानटोपी घालत नाहीत आणि मग दिवसभर सर्दीने शिंकत बसतात, हे तूच सांगितलंस. का घालत नाहीत विचारलंस? कानाचं यंत्र आहे त्यांना. घट्ट टोपी यंत्रावर दाबली की ते शिट्टी वाजवतं. त्यांच्यासाठी कानापाशी सैल, जाळीची वीण असलेली टोपी विण, बाकी डोकं घट्ट. अशी टोपी अख्ख्या मेन रोडवर मिळायची नाही. दोन संध्याकाळचं काम आहे. एवढं एक झालं ना, की लष्कराच्या भाकऱ्यांचा विषय घरात कोणी काढणार नाही. सासरे चारचौघांना थांबवून टोपी दाखवतील, बघ.

घरच्यांमध्ये मोठं काम वर्षाला एकच. नात्याचा मान बघून क्रम लावू नकोस, नाहीतर मोठ्या जावेला शाल दिली म्हणून धाकटीला, सासरी दिलं म्हणून माहेरी, असं करत तुझी मनगटं जातील. ज्याला थंडी वाजते त्याचा नंबर आधी. आणि घालणारी माणसं वेगळी, कपाटात ठेवणारी वेगळी. मी पुतण्यासाठी न विचारता, अंदाजाने, केबलच्या नक्षीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला होता. अडीच महिने लागले. दोन वर्षांनी जावेकडे गेले तर ओट्यावर नवा स्टीलचा डबा. म्हणाली, "बोहारणीकडून घेतला, तुमचा तो स्वेटर दिला, त्याला टोचत होता." अगदी सहज म्हणाली. त्या डब्यातल्या चकल्या मी दर दिवाळीला खाते. डबा चांगला जाड आहे, हे मान्य करायला हवं.

म्हणून आधी विचार, माप घे, वहीत लिही. कुणाचं डोकं किती इंच, कुणाची छाती किती, कुणाला गळ्याशी बंद चालत नाही.

दोन्ही कामं एकमेकांत कशी घालायची तेही सांगते. मोठा स्वेटर सुरू करण्याआधी नमुन्याचा चौकोन विणून इंचाला किती टाके येतात ते मोजायचं असतं. तू त्याचा कंटाळा करतेस, मला माहीत आहे. स्वेटर साध्या अॅक्रिलिकचा असेल तर चौकोन विणूच नकोस. त्याच लोकरीची, त्याच सुयांवर एक बाळाची टोपी विण आणि तिच्यावर टाके मोज. नमुन्याचा नमुना झाला, टोपीची टोपी. स्वेटरची लोकर मात्र सगळी एकदम घे, लेबलावरचा लॉट नंबर एक आहे ना बघून. नंतर आणलेला गुंडा हटकून एक छटा वेगळा निघतो. उरलेल्यात पुन्हा दोन टोप्या होतात.

आणि ऋतू उलटा धर. आपल्याकडे निफाडचा पारा पाच-सहावर आल्याची बातमी आली, द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटायला लागल्या, की बायकांना विणकाम आठवतं. टोप्या तयार होतात रथसप्तमीला, म्हणजे थंडी बिछाना गुंडाळायला लागली की. मेमध्ये लोकर हातात धरवत नाही म्हणतात ते स्वेटरचं खरं आहे, स्वेटरची पाठ विणायला मांडीवर घेतली की घामोळं येतं. पण बाळाची टोपी मांडीला लागतच नाही, सुईवरच संपते. म्हणून चैत्रापासून नवरात्रापर्यंत बाहेरचं लहान काम, दिवाळीनंतर घरचं मोठं काम, जे विणता विणताच पांघरायला होतं. अपुऱ्या दिवसांची बाळं काही थंडी बघून जन्मत नाहीत, जुलैतही त्यांना टोपी लागते. आणि भाऊ थांबू शकतो. बाळाला महिनाभराने ती टोपी होतच नाही.

हे पुढच्या वर्षीचं. या वर्षीचं असं कर. आजच फोन करून सांग, चाळीस नाही, पंधरा. लाज वाटेल, दोन मिनिटं वाटेल. नऊ झाल्यात, सहा राहिल्या. यापुढे आकडा आधी बोलायचा नाही, झालेलं मोजून द्यायचं. एकदा संक्रांतीला मी हळदीकुंकवाचं वाण म्हणून दहा नंबरच्या सुया आणि लोकरीचा एकेक गुंडा वाटला होता, बरोबर ७२ टाक्यांची चिठ्ठी. सत्तावीस जणींना दिलं. अकरा टोप्या परत आल्या, त्यातली एक माझ्या यजमानांना बसली. तरी अकरा आल्या! तुला हवं तर या संक्रांतीला करून बघ, मात्र सत्तावीस धरून चालू नकोस.

नणंदेसाठी आत्ता काहीच विणू नकोस. डोहाळजेवणाला साडी आणि फुलांचे दागिने लागतात. बाळ यायच्या आधी त्याचं सामान आणू नये, हे तर तुझ्या सासूबाई स्वतःच म्हणतील. बाळ येऊ दे, डोक्याचं माप घे, मग विण.

राहिला भावाचा स्वेटर. टाके सुईवरून काढून सुती दोऱ्यावर घे, सुया मोकळ्या होतील. तो सहा महिन्यांपासून जिमला जातोय म्हणालीस, तर छातीचं माप आधी पुन्हा घे. मला वाटतं उसवावाच लागेल. रडू नकोस, मी चारदा उसवलाय एक स्वेटर. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडतात, तशीच विणायला घेतलीस तर वीण खडबडीत येते. लडी करून, पाण्यातून काढून, दांडीवर टांगून वाळवायची. रविवारी दुपारी घेऊन ये. आणि येताना नवऱ्याला आण. लडी करायला समोर हात पसरून बसणारं माणूस लागतं, अर्धा तास तरी, आणि आमच्याकडचं माणूस दहाव्या मिनिटाला डुलक्या घेतं.

तुझी,
विणकामवाली काकू