एल अँड टीचा, म्हणजे लार्सन अँड टुब्रो या बांधकाम-इंजिनिअरिंग कंपनीचा, मालक कोण? अंबानींनी ती विकत घेतली होती, हे खरं आहे का?

मालक असा कोणी नाही. अंबानींच्या हातात मात्र ती जवळजवळ गेलीच होती.

हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोन डॅनिश इंजिनिअर सिमेंट कारखान्यांच्या कामासाठी भारतात आले आणि १९३८ मध्ये त्यांनी मुंबईत भागीदारी सुरू केली. धंदा डेन्मार्कहून दुग्धव्यवसायाची यंत्रं आणून विकण्याचा. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि माल येणं बंद झालं. मग यांनी छोटं वर्कशॉप काढून यंत्रं इथेच बनवायला घेतली. त्याच सुमारास टाटांचा सोडा ॲशचा कारखाना उभारायला आलेले जर्मन इंजिनिअर युद्धामुळे स्थानबद्ध झाले आणि ते काम यांच्याकडे आलं. बांधकामासाठी वेगळी कंपनी निघाली ती १९४४ मध्ये. कंपनीची पवईची जागा तेव्हा दलदल आणि झाडी होती. माझे काका पुढे तिथेच नोकरीला होते, म्हणून या कंपनीबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.

संस्थापकांच्या घराण्यांकडे सूत्रं कधी गेली नाहीत. शेअर विखुरलेले, त्यातला मोठा वाटा आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थांकडे. अशी कंपनी बाहेरच्याला ताब्यात घ्यायला सोपी. रिलायन्सने शेअर घेतले, १९८९ मध्ये धीरूभाई अध्यक्षही झाले. दिल्लीत सरकार बदललं, सरकारी संस्थांनी विरोध केला आणि १९९० मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. पण शेअर त्यांच्याकडेच राहिले. २००१ मध्ये सुमारे दहा टक्के शेअर त्यांनी बिर्लांच्या ग्रासिमला विकले, आणि धोका पुन्हा उभा राहिला.

तोडगा निघाला तो मला फार मोलाचा वाटतो. एल अँड टीचा सिमेंटचा धंदा वेगळा काढून बिर्लांना दिला, तोच पुढे अल्ट्राटेक झाला. बदल्यात बिर्लांकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने घेतले. चालता धंदा सोडणं सोपं नव्हतं, पण त्यामुळेच कंपनी स्वतंत्र राहिली. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा तिने बांधला तो त्यानंतर, २०१८ मध्ये.

खात्री करायची असेल तर शेअर बाजाराच्या वेबसाइटवर दर तिमाहीला येणारी भागधारकांची यादी उघडा. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीवर ताबा असणाऱ्या मालकांचा, हिस्सा शून्य दिसेल. मोठ्या भागधारकांत आयुर्विमा महामंडळ आहे आणि हा ट्रस्टही आहे.