गाडीत राहताय ना? जागेआधी पत्त्याचं बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. नोकरी गेली, कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या घराचा भाडेकरार संपला, सामान स्टोरेजमध्ये टाकलं आणि आता मिनिव्हॅनमध्ये राहताय. त्यात कुणीतरी शेजाऱ्यांच्या ॲपवर तुमच्या गाडीचा फोटो टाकून "ही कोणाची, आठवडाभर इथेच आहे" असं लिहिलंय. पोलीस येतील का आणि रात्री गाडी कुठे लावावी, एवढंच तुम्ही विचारलंय. जागा खाली बऱ्याच जणांनी सुचवल्या आहेत, त्यात मी भर घालत नाही. मीही याच भागात, माउंटन व्ह्यू आणि सनीवेलच्या मधल्या गल्ल्यांमध्ये, घटस्फोटानंतर पाळणाघरातल्या पगारावर माझ्या सिएना मिनिव्हॅनमध्ये राहिले आहे. काचांना आतून काय लावायचं, अंघोळीसाठी जिमची मेंबरशिप, गाडीत शेगडी पेटवायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे असं पोस्टवरून दिसतं, म्हणून ते सोडून देते.

आधीच सांगते, मी वकील नाही. लिहितेय ते कॅलिफोर्नियापुरतं आहे, आणि प्रत्येक शहराचे नियम निराळे असतात. आपल्या शहराचा म्युनिसिपल कोड स्वतः वाचा, तो ऑनलाइन असतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही त्या फोटोला घाबरलाय. मी तुमच्या जागी असते तर गाडीचे कागद कोणत्या पत्त्यावर जातात ते आज रात्री आधी बघितलं असतं. शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्यांनी माझं काही गेलं नाही. माझं गेलं ते मी जिथे राहत नव्हते त्या पत्त्यावर गेलेल्या पाकिटामुळे, आणि ते पाकीट गेलंय हे मला न सांगणाऱ्या एका ऑफिसच्या खिडकीमुळे.

राज्याच्या वाहन कायद्याचं कलम २२६५१ शहरांना परवानगी देतं, की शहराचा तसा स्थानिक नियम असेल तर एकाच जागी ७२ तासांहून जास्त उभी असलेली गाडी उचलता येते. व्यवहारात कुणी रोज घड्याळ लावून गाड्या मोजत नाही. तक्रार आली की माणूस येतो, टायरवर खडूची रेघ मारतो किंवा हवेच्या व्हॉल्व्हची जागा टिपून घेतो, काचेवर स्टिकर लावतो आणि नंतर परत येऊन बघतो. म्हणजे ॲपवरच्या फोटोचा अर्थ इतकाच, की तुमचं घड्याळ बहुधा सुरू झालंय. गाडी हलवा. किती अंतर हलवली की "हलवली" धरतात हे शहरागणिक बदलतं, पुढच्या झाडाखाली सरकवून भागत नाही. आणि हलवल्याचा पुरावा ठेवा: पेट्रोलची पावती, ओडोमीटरचा फोटो, नव्या जागेवर रस्त्याच्या नावाची पाटी दिसेल असा फोटो. मी हे सगळं ठेवत होते. पेट्रोलची पावती माझ्या पाकिटात होती आणि तरीही गाडी उचलली गेली, कारण आदल्या दिवशी दुसऱ्या रस्त्यावर नेलेली गाडी मी संध्याकाळी पुन्हा त्याच गल्लीत आणून लावली होती आणि त्यांच्या नोंदीत ती हललेलीच नव्हती.

पाळणाघरातून सुटून आले तर जागा रिकामी. अंगावरच्या कपड्यांनिशी त्या ऑफिसात गेले. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, नाव घेऊन काही साधणार नाही. काचेच्या आत बसलेल्या बाईंनी तीन गोष्टी मागितल्या: लायसन्स, विमा आणि चालू रजिस्ट्रेशन. रजिस्ट्रेशनचे पैसे मी भरले होते, बँकेच्या स्टेटमेंटवर दिसत होते, पण नवीन कार्ड आणि नंबरप्लेटवरचा स्टिकर जुन्या घरी, म्हणजे ज्या घरातून मी बाहेर पडले होते तिथे पोस्टाने गेला होता. बँकेचा कागद चालत नाही म्हणाल्या. मग दुसऱ्या ऑफिसात गेले, तिथे अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली. इकडे उचललेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डात गाडीचं दिवसाचं भाडं चढतंय. मी परत त्या खिडकीवर जाऊन सरळ विचारलं, "मला हे मान्य नाही, मी कुठे दाद मागू?" उत्तर मिळालं, "आधी सगळे पैसे भरून गाडी सोडवा, मग सुनावणीचं बघू."

हे खोटं होतं. कलम २२८५२ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की गाडी उचलल्यावर ४८ तासांच्या आत (शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून) मालकाला नोटीस पाठवायची, नोटिसीच्या तारखेपासून १० दिवसांत मालकाने सुनावणी मागायची, आणि मागितली की पुन्हा ४८ तासांत, तेच सुट्टीचे दिवस वगळून, ती घ्यायची. ज्याने गाडी उचलायचा हुकूम दिला त्याच माणसाने सुनावणी घ्यायची नाही. आणि उचलण्याला पुरेसं कारण नव्हतं असं ठरलं तर टोइंग आणि यार्डाच्या भाड्याचा खर्च त्या खात्याने सोसायचा. पैसे आधी भरा अशी अट त्यात कुठेही नाही. माझी नोटीस नियमाप्रमाणे गेली होती, जुन्या घरी. कुणी मला फोन करून सांगितलं नाही आणि त्या बाईंना समोर स्क्रीनवर तारीख दिसत असणार, त्याही बोलल्या नाहीत. मला कळलं तेव्हा १० दिवस उलटून गेले होते. अर्ज घेतलासुद्धा नाही.

गाडी सुटली, पण एका खोलीच्या डिपॉझिटसाठी पाळणाघरात जादा शिफ्ट करून साठवलेले पैसे त्यात गेले. खोली दुसऱ्याला गेली आणि पुढचा अख्खा पावसाळा मी त्याच सिएनात काढला. आज इतकी वर्षं झाली, तरी "आधी पैसे भरा" हे वाक्य आठवलं की माझ्या पोटात तुटतं. अडाणी म्हणून नव्हे, बेघर दिसतेय म्हणून मला ते ऐकवलं गेलं, असं माझं ठाम मत आहे. व्यवस्थित कपड्यातल्या, दाखवायला पत्ता असलेल्या माणसाला तीच बाई फॉर्म काढून देते, हे मी त्याच रांगेत उभी राहून पाहिलंय.

म्हणून पत्ता. कॅलिफोर्नियात पत्ता बदलल्यावर १० दिवसांत डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याला, कळवावं लागतं, ऑनलाइन होतं, फुकट होतं. तिथे पोस्टाचा पत्ता राहत्या पत्त्याहून वेगळा देता येतो. विश्वासातला मित्र, नातेवाईक, देवळात भेटणारं एखादं कुटुंब, ज्यांच्याकडे पत्र आलं तर त्याच दिवशी फोटो काढून पाठवतील असं कुणीतरी बघा. नुसतं "हो, चालेल" म्हणणारे नकोत, पेटी रोज उघडणारे हवेत. कुणीच नसेल तर पोस्ट ऑफिसात जनरल डिलिव्हरी म्हणून सोय असते, पत्र ३० दिवसांपर्यंत राखून ठेवतात, ओळखपत्र दाखवून घ्यायचं. विमा आणि बँकेचं तेच. रजिस्ट्रेशन सहा महिन्यांहून जास्त संपलेलं असेल तर तेवढ्या एका कारणावरही गाडी उचलता येते, त्यामुळे रजिस्ट्रेशनसाठी लागणारी स्मॉग टेस्ट, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी, बाकी असेल तर जेवणाचे पैसे कमी करा पण ती करून घ्या.

तुम्ही व्हिसाबद्दल काही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही. पण ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असाल तर यूएससीआयएसलाही (इमिग्रेशनचं सरकारी खातं) १० दिवसांत नवा पत्ता कळवायचा असतो. एच-वन-बी हा नोकरीवरचा व्हिसा असेल तर नोकरी गेल्यापासून मिळणाऱ्या ६० दिवसांचा हिशेब वेगळा, त्यासाठी इमिग्रेशनचाच वकील गाठा, इथल्या माझ्यासारख्यांचे सल्ले घेऊ नका. मूल सोबत असेल तर तेही लिहा. बेघर मुलांच्या शिक्षणासाठीच्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली गाडीत राहणाऱ्या मुलाला आधीच्याच शाळेत राहायचा हक्क असतो आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शाळेत यासाठी नेमलेलं माणूस असतं, त्याला 'लिएझन' म्हणतात.

उद्या तशी वेळ आलीच तर हेही लक्षात ठेवा: यार्डवाल्याचा हक्क गाडीवर असतो, आतल्या तुमच्या वस्तूंवर नाही. कामाच्या वेळात गेलात तर औषधं, लॅपटॉप, पासपोर्ट, कपडे पैसे न घेता द्यावे लागतात. मला फाटकावरच्या मुलाने घाई केली. मी कागदपत्रांची पिशवी आणि कुकर घेतला आणि गाद्या तशाच राहिल्या. तुम्ही यादी करून जा, आणि पासपोर्ट मुळात गाडीत ठेवूच नका.

थकलेल्या पार्किंग तिकिटांबद्दल कुणीतरी खाली लिहिलंय की पाच झाली की गाडी जाते. कायद्यात तसं आहे, पण २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात अपील कोर्टाने म्हटलं, की नियमात उभ्या असलेल्या गाडीला निव्वळ थकीत तिकिटांसाठी वॉरंटशिवाय उचलणं घटनेत बसत नाही. तरीही तिकिटं साठू देऊ नका. कमी उत्पन्न असेल तर हप्ते मिळतात, तिकिटावरच्याच पत्त्यावर मागायचे.

"सुप्रीम कोर्टाने आता सगळं पोलिसांच्या हातात दिलंय" असंही एकाने लिहिलंय. तो २८ जून २०२४ चा ग्रँट्स पासचा निकाल. सार्वजनिक जागी मुक्काम करण्यावर शहरं दंड लावू शकतात, असं त्यात आहे. गाडी उचलल्यावर सुनावणी मागायचा तुमचा हक्क त्याने गेलेला नाही. मात्र त्यानंतर हवा बदलली हे खरं. सॅन फ्रान्सिस्कोने २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांना शहरभर दोन तासांची मर्यादा घातली. माउंटन व्ह्यूत तर त्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, मतदारांनीच मेझर सी हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर करून ४० फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्यांना बंदी घातली. लोक कोर्टात गेले, नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू आणि कायद्याची मदत देणारी लॉ फाउंडेशन ऑफ सिलिकॉन व्हॅली या संस्था त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि तडजोडीत शहराला काही मैल रस्ता या गाड्यांसाठी मोकळा ठेवावा लागला. तुमची मिनिव्हॅन या "मोठ्या" गाड्यांत येत नाही, त्यामुळे ते बोर्ड बघून घाबरू नका. पण लॉ फाउंडेशनचा नंबर मात्र फोनमध्ये आजच घालून ठेवा, मला त्यांचं नाव फार उशिरा कळलं.

माउंटन व्ह्यूमध्ये सेफ पार्किंगच्या, म्हणजे गाडीत राहणाऱ्यांना परवानगीने गाडी लावता येईल अशा, जागाही आहेत, मूव्ह माउंटन व्ह्यू नावाची संस्था चालवते. यादी असते, लगेच नंबर लागेलच असं नाही, तरी नाव घाला. २११ या मदतीच्या नंबरवर फोन करून काउंटीची मदतही विचारा. लाज वाटते, मला माहीत आहे. मी तो फोन लावायला खूप वेळ घेतला.

आता शेजाऱ्यांबद्दल, कारण तुमच्या पोस्टमध्ये त्याचाच त्रास जास्त दिसतो. ॲपवर उत्तर देऊ नका. तुमची बाजू कितीही खरी असली तरी तिथे ती टिकत नाही आणि तुमचं नाव लोकांना कळतं. प्रत्यक्षात समोर आलेल्या माणसाशी मात्र बोला. माझ्या गल्लीत एक आजोबा रोज कुत्रा घेऊन जायचे, बघायचे पण बोलायचे नाहीत. एकदा काच वाजवून म्हणाले, "उद्या सकाळी झाडूची गाडी येते, ही बाजू रिकामी ठेवावी लागते." तेवढंच बोलून गेले, आणि माझं एक तिकीट वाचलं. उलट आपल्याच मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढच्या दोघी बोलत होत्या की त्या गाड्यांमुळे घरांच्या किमती पडतात, शहराने सगळ्या हाकलायला हव्यात. मला दोघी ओळखत होत्या, मी कुठे राहते ते त्यांना माहीत नव्हतं. मी मोदक घेतला आणि बाहेर येऊन गाडीत बसले. त्यांच्यावर माझा राग आजही आहे. जिथे साध्या खोलीचं भाडं पाळणाघरातल्या बाईच्या पगाराच्या आसपास जातं, तिथे गाड्या रस्त्यावर का आल्या हा प्रश्न त्या रांगेत कुणाला पडला नाही.

तरीही एक सांगते. रहिवाशांच्या काही तक्रारी खऱ्या असतात. आरव्हीची, म्हणजे राहण्यासाठी बनवलेल्या मोठ्या गाडीची, सांडपाण्याची टाकी रस्त्याच्या गटारात रिकामी करणारे मी पाहिलेत, आणि ते पाणी पावसाळी गटारातून प्रक्रिया न होता खाडीत जातं. वळणावर उंच गाडी लावली की सायकलवरच्या पोराला समोरचं दिसत नाही. आपण त्यातले नसलो तरी आपल्या गाडीकडे लोक त्याच नजरेने बघतात. म्हणून कचरा कधीच बाहेर ठेवू नका, वळणापासून आणि शाळेपासून लांब लावा, इंजिन चालू ठेवून झोपू नका, रात्री दार सारखं उघड-बंद करू नका. आणि कुणी रहिवासी हे वाचत असेल तर त्यांना हात जोडून विनंती: सांडपाणी दिसलं तर सांडपाण्याची तक्रार करा. गाडीत माणूस आहे, एवढ्याच कारणावरून ७२ तासांचा फोन लावू नका. आधी काच वाजवा.

तुमच्या पोस्टमध्ये काचेवर स्टिकर आहे की नाही ते लिहिलेलं नाही. असेल तर त्याचा तारीख दिसेल असा फोटो काढा आणि गाडी रात्रीच हलवा. सुनावणीच्या अर्जाचा जो मसुदा मी नंतर एका वकिलाकडून करून घेतला, तो माझ्याकडे अजून आहे, अर्ध्या पानाचा, साध्या इंग्रजीत. निरोप पाठवा, नावं काढून तुम्हाला पाठवते.