वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा शोध आणि खरा शोध

प्रश्न : 'झीरो डार्क थर्टी' हा चित्रपट नुकताच पाहिला. कैद्यांच्या छळातूनच ओसामा बिन लादेनचा माग लागला, असे त्यात सूचित होते. ते खरे मानावे का? आणि या नावाचा अर्थ काय?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : आधी सोपे सांगतो. लष्करी बोलीत या शब्दांचा अर्थ मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. तुमचा पहिला प्रश्न मात्र चित्रपट 2012 मध्ये आला तेव्हापासूनच वादाचा आहे. अबू अहमद अल-कुवैती या लादेनच्या निरोप्यामागून जात अमेरिकी गुप्तहेर पाकिस्तानातील अ‍ॅबटाबादच्या घरापर्यंत पोहोचले आणि 2 मे 2011 रोजी लादेन मारला गेला, हे खरे. परंतु त्या निरोप्याविषयीची सर्वांत अचूक माहिती छळाआधीच मिळालेली होती, असा निष्कर्ष अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने डिसेंबर 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. हा छळ करणाऱ्या सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेला तो निष्कर्ष मान्य नाही. माझा कौल अहवालाच्या बाजूने आहे. नायिका माया हीसुद्धा पडद्यासाठी घडवलेली व्यक्तिरेखा असून, अनेकांनी केलेले काम तिच्या एकटीच्या हट्टावर बेतले आहे.

जाता जाता, चित्रपटातील पाकिस्तानी बाजाराची काही दृश्ये चंडीगडजवळच्या मणिमाजऱ्यात, दुकानांवर उर्दू पाट्या लावून चित्रित झाली आणि त्यावरून तेथे निदर्शनेही झाली; पाट्यांवरून काय घडू शकते, हे बेळगावकडच्या वाचकाला मी काय सांगावे!