पुणे ते ऑकलंड : १७ तास की ३१?

मार्चमध्ये पुण्याहून ऑकलंडला बिऱ्हाड हलवताय, सोबत चार वर्षांची मुलगी आणि आई. अंतर तेच असताना एक तिकीट १७ तास दाखवतं आणि दुसरं ३१, हे कसं, असं तुम्ही विचारलंय.

मुंबई-ऑकलंड सरळ अंतर साधारण १२,३०० किमी. थेट विमान नाही, मधे बदलावंच लागतं. सगळा फरक कुठे बदलता आणि किती वेळ बसून राहता याचा. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे. मुंबईहून ३,९०० किमी, पुढे ८,४००, वळसा नावापुरता. दुबईमार्गे मात्र आधी उलट दिशेला १,९०० किमी जायचं आणि मग १४,२०० किमी एका दमात, सोळाएक तास. स्वस्त पडतं म्हणून लोक घेतात. एकटा माणूस काढेल कसंही, आई बरोबर असताना नको.

समजा, शनिवारी रात्री साडेअकराला मुंबईहून निघालात. साडेपाच तासांनी सिंगापूर, तिथे सकाळचे साडेसात. नऊचं विमान मिळालं तर पावणेदहा तासांनी ऑकलंड, आणि तिथे रविवार रात्रीचे पावणेबारा! प्रवास पावणेसतरा तासांचाच, पण मार्चमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं (एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून साडेसहा). भारतात परत येताना पश्चिमेचे वारे समोरून येतात, तेव्हा तासभर जास्त धरा.

पण दीड तासाचं कनेक्शन मी घेणार नाही. मुंबईत उशीर झाला की गेलं. तीन-चार तासांचं बघा, आणि सगळं एकाच पीएनआरवर. मग बॅगा थेट ऑकलंडपर्यंत टॅग होतात आणि सिंगापूरला व्हिसा लागत नाही. सिडनी-मेलबर्नमार्गे स्वस्त दिसलं तर थांबा : भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. फी नाही, पण अर्ज तिघांचा वेगळा.

आईंसाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, त्या चालत्या-फिरत्या असल्या तरी. सिंगापूरचं चांगी विमानतळ पसरलेलं आहे आणि इमिग्रेशनची रांगही सुटते.

कोथरूड ते मुंबई विमानतळाचं टी-टू (टर्मिनल २) चार तास, विमानाआधी तीन तास, सिंगापूरचा तीन-चार तासांचा थांबा आणि उतरल्यावरचा वेळ धरला, तर घरापासून घरापर्यंत २७-२८ तास होतात. उतरल्यावरही लगेच सुटका नाही. न्यूझीलंडची बायोसिक्युरिटी (बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून होणारी तपासणी) कडक आहे. ट्रॅव्हलर डिक्लरेशन, म्हणजे प्रवाशाने सोबत काय आणलंय ते सांगणारा फॉर्म, निघण्याआधीच ऑनलाइन भरा. त्यात गोडा मसाला, भाजणी, लोणचं, तूप, सगळं लिहा. लिहिलं आणि चालत नसेल, तर फार तर काढून घेतील; लपवलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध आणूच नका. बुटांच्या तळव्यांची माती घासून काढा, ते उलटे करून बघतात.